पाच टक्क्यांचा रविवार

माझं औषधांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या बरोबर वरच्या खोलीत टक्केकाका राहतात. त्यांचं खरं नाव डॉक्टरच्या चिठ्ठीवर असतं, तेवढंच. बाकी अख्खी इमारत त्यांना टक्केकाका म्हणते. हे नाव मी ठेवलं. रागाने ठेवलं होतं, ते चिकटलं.

राग का, ते सांगते. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे दिले की मशीनवाली कंपनी त्यातले दोन टक्के माझ्याकडून कापून घेते. आणि हे गृहस्थ काय करायचे, तर इमारतीतल्या घराघरांतून औषधांच्या चिठ्ठ्या गोळा करायचे, त्यांच्याकडून रोख पैसे घ्यायचे, खाली यायचे आणि सगळ्यांची औषधं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घ्यायचे. म्हणजे जी रोख सरळ माझ्या गल्ल्यात पडायची, ती माझ्या डोळ्यांदेखत जिना चढून वर जायची आणि कार्ड होऊन खाली यायची. वर काउंटरवर कोपर टेकून मलाच समजावणार, "अगं पोरी, बँक पाच टक्के परत देते. फुकट!"

"फुकट कुठलं, काका? माझ्या खिशातून जातंय ते."

"तुझ्या खिशातून दोन जातात. उरलेले तीन?"

मी चिठ्ठीवरची औषधं काढायला वळले. आणि पन्नाशी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला 'पोरी' म्हणणाऱ्या माणसाशी भांडणार तरी किती?

काकांनी आयुष्यभर कवळ्या केल्या. दातांच्या डॉक्टरांसाठी काम करणारी एक लॅब होती, तिथे. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवणार, हे त्यात प्लास्टर ओतणार, मेणात एकेक दात बसवणार, घासूनपुसून चकाकी आणून परत पाठवणार. ज्यांचे दात केले ती माणसं त्यांनी कधी पाहिली नाहीत. समोर आली असती तरी हे काही बोलले नसते म्हणा. बोलण्याचं खातं काकूंकडे होतं. काकू माझ्याकडे खोकल्याच्या गोळ्या घ्यायला यायच्या आणि अर्धा तास उभ्या राहून दोन-तीन लग्नं जमवून जायच्या. वरच्या खोलीत सतत कुणीतरी असायचं. कुणाचं पोर, कुणाची सासू, कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं भांडण. काका कोपऱ्यात बसून चहा करायचे, द्यायचे आणि ऐकायचे. त्यातच ते खूश होते.

मग काकू गेल्या. सुरुवातीला माणसं येत राहिली, मग हळूहळू थांबली. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. माणसं काकूंकडे यायची. काकांकडे येऊन करायचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. पोरगा समुद्रापलीकडे असतो. आई गेली तेव्हा आला, आठवडाभर राहिला, आणि जाताना बापाच्या हातात नवा फोन आणि हे कार्ड देऊन गेला. घरबसल्या सगळं मागवा, बिलं फोनवरून भरा, उगाच जिने चढ-उतर करू नका. त्याला वाटलं, सोय केली. त्या सोयीने काकांचं उरलंसुरलं बाहेर पडणंही गेलं. मी खाली बसून ऐकायचे, वर पावलंही वाजायची नाहीत. कधीकधी वाटायचं, जाऊन दार ठोठवावं आणि बघावं माणूस जिवंत आहे की नाही.

पहिल्यांदा कार्डावर पैसे परत आले तेव्हा काय केलं असेल या माणसाने? बँकेत गेले आणि सांगून आले की तुमचे पैसे चुकून माझ्याकडे आलेत, काढून घ्या! तिथल्या मुलीने हसू दाबत समजावलं की आजोबा, हे तुमचेच, बिलं भरल्याबद्दलचे. काकांना ते पटायला दोन महिने लागले.

त्याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका बाईंचा पाय मुरगळला. शाळा सोडून जमाना झाला, पण बाई अजून मुख्याध्यापिकाच. त्यांचं विजेचं बिल भरायचं राहिलं होतं, ते काकांनी फोनवरून भरलं. बाईंनी रोख पैसे दिले. काही दिवसांनी काकांनी त्यांच्या दारात जाऊन थोडी नाणी पुढे केली.

"हे काय?"

"तुमचा हिस्सा. बँकेने दिला."

बाईंनी ही गोष्ट समोरच्या बस ड्रायव्हरला सांगितली, आणि ड्रायव्हरला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. झालं! पुढच्या रविवारी सकाळी चार माणसं बिलं घेऊन काकांच्या दारात. त्याच्या पुढच्या रविवारी आठ. विजेचं, पाण्याचं, गॅसचं बिल, किराणा, औषधं, सगळं काकांच्या कार्डावर. पाचातले तीन टक्के ज्याचे त्याला आणि दोन टक्के काकांना. त्या दोन टक्क्यांचा चहा-बिस्किटात कधीच चुराडा व्हायचा. बिस्किटंसुद्धा चांगल्यातली आणायचे.

आणि हिस्सा वाटायचा म्हणजे कसा? अगदी शेवटच्या नाण्यापर्यंत. दाताची उंची केसभर चुकली तर माणसाला जेवता येत नाही, अशा कामात हयात गेलेली. ड्रायव्हर म्हणायचा, "काका, सोडा हो वरचं." काका सोडायचे नाहीत. मग कुणाला एक नाणं जास्त गेलं, कुणाला कमी, यावरून जी जुंपायची ती बसच्या मार्गांवर, तिथून सरकारवर, तिथून कुणाच्या तरी जावयावर. मुख्याध्यापिका बाई ड्रायव्हरची भाषा सुधारायच्या आणि ड्रायव्हर मुद्दाम आणखी बिघडवायचा. वर खुर्च्या सरकायच्या आणि खाली माझ्या कपाटातल्या बाटल्या थरथरायच्या. मी छताकडे बघून ओरडायचे, "अरे, इमारत पाडता का?" पण खरं सांगते, बरं वाटायचं.

मलाही त्यांनी गळ घालून तेच कार्ड घ्यायला लावलं. म्हणूनच पुढचं मला कळलं.

एका सकाळी बँकेचा मेसेज आला. 'ग्राहकांच्या अधिक चांगल्या अनुभवासाठी आमच्या कार्यक्रमात सुधारणा करत आहोत.' बँक सुधारणा म्हणाली की आपण पाकीट घट्ट धरावं, एवढं मला कळतं. पुढच्या महिन्यापासून वीज, पाणी, गॅस, किराणा, औषधं, कशावरच काही परत मिळणार नव्हतं. मिळणार होतं ते विमानाच्या तिकिटावर आणि हॉटेलात राहिलं तर. आता विमानात बसून गॅसचं बिल भरायला जायचं का माणसाने? मी चार शिव्या हासडल्या. मग आठवलं, हाच मेसेज वर काकांनाही आला असणार.

नव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम दुकानावर पाटी लावून वर गेले. म्हटलं, सुतक असेल. तर काका नेहमीसारखे टेबलापाशी बसून नाणी मोजत होते. तीन टक्के मुख्याध्यापिका बाईंचे, तीन टक्के ड्रायव्हरचे, तीन टक्के तळमजल्यावरच्या नव्या जोडप्याचे. बिस्किटंही तीच. माझ्याकडे बघितलं आणि नजर चुकवली.

मी त्या दिवशी गप्प बसले. मला गप्प बसणं किती जड जातं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

गप्प राहणं मोडलं ते गोळ्यांमुळे. काकांना रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याला दोन पट्ट्या लागतात. त्या महिन्यात एकच नेली. मला वाटलं, आधीची शिल्लक असेल. पुढच्या महिन्यातही एकच. तिसऱ्या महिन्यात एक पट्टी मागून वर विचारतात, "ही गोळी मधून मोडता येते का गं?"

मी पट्टी काउंटरवर आपटली. "काका, बँकेने केव्हाच हात वर केलेत. तुम्ही पेन्शनमधून वाटताय, आणि गोळ्या अर्ध्या खाताय. हो की नाही?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "पुढे काहीतरी नवीन निघेल. बँका काढतात काही ना काही."

"आणि तोवर? डोक्यात रक्त चढलं म्हणजे कोण धावणार? तुमची बँक?"

"रविवारी घरात आवाज असतो गं. बाकी सहा दिवस मी नळ सोडून ठेवतो थोडा वेळ."

मला इतकं वाईट वाटलं की मी आणखीनच चिडले. माझं असंच होतं. म्हटलं, "हे बघा, येत्या रविवारी खरं सांगून टाकायचं. नाहीतर मी सांगते."

"येतील का गं मग?"

"न यायला काय झालं? माणसंच आहेत ना ती!"

त्या रविवारी सगळे जमल्यावर काकांनी सांगितलं. उभं राहून, शाळेत पाठ म्हणावा तसं. बँकेने पैसे द्यायचं बंद केलंय. आता हिस्सा मिळणार नाही. पण बिलं मी भरून देईन, चहा आहेच.

"छे, बँका म्हणजे चोर," ड्रायव्हर म्हणाला. "कधीपासून बंद?"

"तीन महिने झाले."

"तीन महिने? मागच्या रविवारी तर मला पैसे मिळाले."

"हो."

ड्रायव्हर कपाळावर आठ्या घालून विचार करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आधी पाचापेक्षा जास्त मिळत होते तर. तुम्ही बाजूला टाकले असतील, त्यातून आता देत होतात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट थोडं कौतुकच होतं, बघा कसा बेरकी निघाला, असं.

"असं बोलू नये," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. पण त्याही काकांकडे उत्तराची वाट बघत राहिल्या. नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने तर फोन काढून गुणाकार सुरू केला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. काकांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, म्हणून मी थांबले.

"पेन्शनमधून दिले," काका म्हणाले.

"का पण?" ड्रायव्हरला खरंच कळत नव्हतं. "स्वतःच्या खिशातून कोण देतं, काका?"

"नाही दिले तर तुम्ही आला नसतात."

कोणाला कुठे बघावं ते कळेना. मग मुख्याध्यापिका बाईंनी पर्स उघडली, चाचपडत काही नाणी काढली आणि टेबलावर ठेवली. ड्रायव्हरने खिसा रिकामा केला. त्या जोडप्याने केला. काका एकेकाचा हात धरून म्हणत होते, "अहो, राहू द्या. अहो, असं नका करू," पण टेबलावर नाणी पडतच राहिली आणि एकेक जण चपला घालून निघत गेला. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी मात्र सगळे आले. मी म्हटलं, बघा, सांगितलं होतं की नाही! येताना प्रत्येकाने फळं आणली होती. खुर्च्यांवर ताठ बसले, आजारी माणसाला बघायला आल्यासारखे. "तब्येत काय म्हणते?" ड्रायव्हरने विचारलं. याच माणसाने पंधरवड्यापूर्वी काकांना 'कंजूष मारवाडी बँक' म्हणून डोकं खाल्लं होतं! तो एक वाक्य धडधडीत चुकीचं बोलला आणि मुख्याध्यापिका बाईंनी ते सोडून दिलं. काका प्रत्येकाला बिस्किट घ्या, बिस्किट घ्या करत राहिले. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं. त्यानंतरच्या रविवारी दोघे आले, त्याच्यापुढे कोणीच नाही.

मी जात होते. पण रविवार सकाळ म्हणजे दुकानाची गर्दीची वेळ, पाटी लावून किती वेळ बसणार? आणि आम्ही दोघंच बसलो की मीच बोलायचे. त्यांना माझं ऐकायचं नसतं, मला दुसऱ्याशी भांडताना ऐकायचं असतं.

ड्रायव्हर डोकेदुखीची गोळी घ्यायला आला तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं. "का रे, टक्के संपले तशी माणुसकीही संपली का?"

तो लाल झाला. "तसं नाही, ताई. त्या म्हाताऱ्याच्या पेन्शनचे पैसे मी नाण्यावरून भांडून भांडून घेतले. कसं तोंड दाखवू? जाऊन बोलू काय? काही काम असतं तर गेलो असतो."

मुख्याध्यापिका बाईही तेच म्हणाल्या, जरा शुद्ध भाषेत. मी यांना शिव्या घालायच्या म्हणून तयारीत होते, आणि शिव्या घालायला कोणी उरलंच नाही.

काकांना मी एवढंच म्हटलं, "त्यांना लाज वाटते हो."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पैशासाठी येत होते तेव्हा बरं होतं. भांडायचे तरी. आता माझी कीव करायला येतात, आणि कीव करायला कोण रोज येणार?"

मग महिनाभर ते दुकानात आलेच नाहीत. औषध संपलं असणार म्हणून मीच वर पट्टी घेऊन जायला निघाले होते, तेवढ्यात स्वारी दुकानात हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. खिशातून कोरं करकरीत कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. दुसऱ्या बँकेचं.

"पाच टक्के!" ते म्हणाले. "बिलं, किराणा, औषधं, सगळ्यावर. मी वाचून घेतलंय, तिथल्या मुलीकडून दोनदा वाचून घेतलंय."

"कायमचं?"

"वर्षभर. त्याआधीही बंद करू शकतात, तसं खाली बारीक अक्षरात आहे."

"आणि तुमच्या वयाला कार्ड दिलं त्यांनी?"

"देत नव्हते. ठेव ठेवली तर देतो म्हणाले. मग ठेवली." हे सांगताना ते कार्ड पुसत होते. "माझी होती ना थोडी बाजूला टाकलेली."

ती रक्कम कसली ते मला माहीत होतं. पोराकडे जायच्या तिकिटासाठी त्यांनी आणि काकूंनी मिळून साठवलेले पैसे. काकू असताना दरवर्षी जायचं ठरायचं आणि दरवर्षी पोराचं काहीतरी निघायचं.

"काका, ते तिकिटाचे ना? कार्ड आहे तोवर ते पैसे अडकले. उद्या पोराने बोलावलं तर?"

मला वाटलं, रागावतील. पण ते शांतपणे, हिशेब समजावतात तसं सांगू लागले.

"आधी दर शनिवारी फोन यायचा. मग महिन्यातून एकदा. मग माझ्या वाढदिवसाला. गेल्या वाढदिवसाला नाही आला. मी वाट बघत बसतो, कारण मला कोणी सांगितलंच नाही की बंद झालंय." ते जरा थांबले. "बँकेने निदान कळवलं तरी."

मी मागे वळून कपाटातून गोळ्या काढल्या, दोन पट्ट्या, पूर्ण. मशीन पुढे केलं. त्यांनी कार्ड लावलं आणि आकडा टाकून ओठ घट्ट मिटून बघत राहिले. पावती निघाली तेव्हा कुठे श्वास सोडला.

"रविवारी सगळ्यांना यायला सांगशील ना?" ते म्हणाले. "ड्रायव्हरला म्हणावं, बिलं घेऊन ये, काम आहे."

"सांगते, काका."

दारापर्यंत गेले आणि परत आले.

"आणि हे नक्की सांग, पोरी, त्यांना खोटं वाटायला नको. या वेळी खरंच बँक देतेय."